संपतचा कान आणि माझं मशीन

अमरावतीत आमच्या शेडवर पाटी होती, ‘वृक्षछाटणी, वृक्षोपचार व यंत्रदुरुस्ती’. त्यातला ‘वृक्षोपचार’ हा शब्द मी एका मराठीच्या मास्तरांना विचारून घातला होता आणि त्याचा मला फार अभिमान होता. पण पोस्टमन आम्हाला शेवटपर्यंत लाकूडफोडेच म्हणत राहिला. समोरचा पानवाला मात्र झाडांचे डॉक्टर म्हणायचा. त्याच्या सांगण्यावरून एकदा एक बाई नातवाच्या खरजेवर पाल्याचं औषध मागायला आल्या. मी त्यांना निंबाचा पाला दिला आणि पैसे घेतले नाहीत. खरूज बरी झाली असावी, कारण पुढच्या महिन्यात त्या सुनेला घेऊन आल्या.

अशा गमती लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं आहे. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलो की हात एकाच गोष्टीकडे जातो. ज्याची ती गोष्ट आहे तो संपत गेल्या पावसाळ्यात वारला. आता ती सांगणारा मी एकटाच उरलो आहे, म्हणून तीच सांगतो.

आधी आमचा धंदा काय होता ते. पन्नास-साठच्या त्या वर्षांत आमच्याकडे गावोगाव विजेच्या तारा येत होत्या, शाळांना नव्या खोल्या होत होत्या, कौलं जाऊन टिना येत होत्या. जिथे तिथे मधे झाड. मोकळ्या रानात झाड पाडणं सोपं असतं, कुणीही पाडतो. एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला विहीर, वरून तार, अशा ठिकाणचं झाड मात्र पाडायचं नसतं, उतरवायचं असतं. शेंड्याकडून सुरुवात करायची. फांदीला दोर बांधायचा, तो वरच्या बेचक्यातून खाली आणायचा, खालच्या माणसाने बुंध्याला दोन वेढे देऊन धरायचा. फांदी आधी खालून थोडी कापायची, मग वरून, नाहीतर ती पडताना साल ओढत नेते आणि झाडाला लांबलचक जखम होते. ज्याला लोक ‘तोडणं’ म्हणतात त्यातलं निम्मं काम हे असं जपून करण्याचं असतं. आणि पुष्कळदा तर झाड वाचवायलाच आम्हाला बोलवत. किडलेला भाग खरवडायचा, जखमेला डांबर लावायचं, जड फांदी हलकी करायची, कललेल्या झाडाला टेकू द्यायचा.

मी मुळात फिटर. अकोटच्या एका जिनिंग फॅक्टरीत बारा वर्षं सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांखाली लोळलो. लढाई संपल्यावर लष्कराचा जुना माल लिलावात निघू लागला, तेव्हा नागपूरला जाऊन मी एक हातविंच, दोन चेनपुल्या आणि पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत घेऊन आलो. ही करवत दोन माणसांनी धरायची. एकीकडे इंजिन, मधे साडेतीन फुटांचं लोखंडी पातं, त्यावर फिरणारी दातांची साखळी आणि दुसऱ्या टोकाला एक मूठ. अशी वस्तू वऱ्हाडात कुणी पाहिली नव्हती. ती सुरू झाली की आख्खं गाव गोळा व्हायचं. तेल्हाऱ्याकडे तिला झाडाची फटफटी म्हणत. आम्ही नुसतंच ‘मशीन’ म्हणायचो.

त्या मशीनवर मी जीव टाकला. सुटे भाग मिळायचा प्रश्नच नव्हता. साखळीला घालायचं तेल मिळेना म्हणून सरकीचं तेल घातलं. आठ दिवस छान चाललं, नवव्या दिवशी ते उन्हाने घट्ट होऊन साखळी जागच्या जागी चिकटली. दोन दिवस रॉकेलमध्ये भिजवून एकेक दुवा सोडवला. पुढे एका मोटार गॅरेजातून जळकं ऑइल आणून ते तलम कापडातून तीनदा गाळून घालू लागलो. दर संध्याकाळी कानस घेऊन बसायचं. प्रत्येक दाताला कानशीचे तेवढेच घास द्यायचे, एका बाजूला एक घास जास्त झाला की करवत लाकडात वाकडी चालते. बायको म्हणायची, पोरांची नखं कधी अशी कापली नाहीत तुम्ही. ते खरं होतं.

एकदा मशीनचा जोर कमी पडू लागला. उघडून पाहिलं तर सायलेन्सर काजळीने तुंबलेला. साफ करताना तो गंजलेला पत्रा हातातच फुटला. नवा मिळणार नव्हता. सायलेन्सरशिवाय मशीन सुरू करून पाहिलं आणि काय सांगू, एकदम जवान झालं. आवाज मात्र असा की शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीने दावं तोडलं. मी खूश होतो. नवा सायलेन्सर बनवून घ्यायचं मनातही आलं नाही. जोर वाढला होता आणि मला जोर हवा होता.

आता संपत. तेल्हाऱ्याजवळच्या एका खेड्यातला. पूर्वी त्याच्या घराण्याकडे गावाची सरपणाची लाकडं फोडण्याचं काम होतं, फुकटात किंवा मूठभर जोंधळ्यावर. ते सोडून तो अमरावतीला आला. छपन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला कामावर हजर झाला. एवढंच म्हणाला, “मिस्त्री, आजपासून मले कोनी कुठी उभं राहू नको म्हनलं तं मी विचारीन, काहून?” मी म्हटलं, विचार. तो विचारत असे.

अंजनगाव सुर्जीला एका भिक्षुकांच्या परसात औदुंबर होता. त्याची एक फांदी स्वयंपाकघराच्या भिंतीत शिरू पाहत होती. औदुंबराला लोखंड लावायचं पाप त्यांना नको होतं आणि भिंतही जायला नको होती. त्यांनी तोड काढली. स्वतः दोन दिवस अकोल्याला जायचे, पाठीमागे काय झालं ते त्यांना माहीत नाही. जाताना संपतला म्हणाले, “तू काप रे. तू आता आमच्यातला नाहीस, तुला दोष लागत नाही.” संपत फांदीकडे बघत म्हणाला, “दोष नाई लागत महाराज, पन पडलो तं पाय मोडते. थे कोनाच्या नावावर मांडता?” महाराज हसले आणि परत आल्यावर त्याला आत बोलावून ओसरीवर बसवून जेवू घातलं. त्यांच्या घरात ते पहिल्यांदाच झालं असेल.

संपत चढण्यात पटाईत होताच, पण त्याची खरी कारागिरी कानात होती. झाड बाहेरून हिरवंगार असतं आणि आतून पोकळ निघतं. अशा झाडावर चढलेला माणूस मरतो. म्हणून चढण्याआधी संपत कुऱ्हाडीच्या तुंब्याने, म्हणजे पात्यामागच्या बोथट बाजूने, बुंध्यावर ठोके द्यायचा. कमरेएवढ्या उंचीवर, मग गुडघ्याएवढ्या, मग मुळांशी, असा पूर्ण फेरा. मातीचा माठ घेताना बाई बोटाने वाजवून पाहते तसं. भरीव लाकूड खणखणीत बोलतं, पोकळ लाकूड बद्द. मधल्या कितीतरी छटा त्याला कळत. “इथं इतभर किडलं हाये, वरतं चांगलं हाये,” असं सांगायचा आणि कापल्यावर तेवढंच निघायचं. लोक मला बोलवत ते मशीन बघायला, पण झाड ठेवायचं की काढायचं हे संपतच्या शब्दावर ठरे.

मशीन धरताना इंजिनाकडची बाजू संपतची असे. ती बाजू जड, आणि झाड कुठे झुकतंय ते त्याला आधी कळे. मी दुसऱ्या टोकाची मूठ धरायचो. जिनातल्या सवयीने मी दोन्ही कानांत कापूस कोंबायचो. तिथे आम्ही सगळेच कोंबत होतो. संपतला मी पहिल्याच दिवशी कापूस दिला होता. त्याने परत केला. “झाड पडाच्या आंधी बोलते, मिस्त्री. बारीक कडकड होते. मी कान बंद केले तं तुमाले पय म्हनून कोन सांगन?” पळ म्हणून ओरडणारा तोच, ते बरोबर होतं. त्याच्या कानावर माझा जीव होता, आणि मी निश्चिंतपणे कापूस घालून उभा राहत होतो. सायलेन्सर गेल्यावरही चार वर्षं असंच चाललं.

मग अकोल्याची चिंच आली. एका वकिलांच्या कंपाउंडात होती, दोन माणसांच्या कवेत जेमतेम मावेल एवढी. वकिलांना ती ठेवायची होती. पोरंबाळं खाली खेळत, म्हणून एकदा तपासून घ्यावी इतकंच. संपतने फेरा मारला आणि मान हलवली. “पोकय हाये. पुऱ्या बुडात.” वकील हळहळले, पण त्याचं नाव ऐकून होते. आम्ही चार दिवस खपून चिंच उतरवली. शेवटी बुंधा कापला आणि मी वाकून पाहिलं, तर मधला गाभा काळसर, टणक, तुपासारखा सलग. कुठे बोट शिरेल एवढी चीर नव्हती.

वकिलांनी खोडावर तळहात ठेवला. “मिस्त्री, हे तर आतून ठीक दिसतंय.”

“मुळांना कीड होती साहेब. वरून दिसत नाही,” मी म्हटलं. हे मी तोंडातून येईल तसं बोललो. बुंधा आडवा होताच संपत मशीन ठेवून लांब दोर गुंडाळायला गेला होता, त्याने खोड पाहिलं नव्हतं. मी त्याला पाहू दिलं नाही. त्यावर माती टाकून घेतली.

घरी येताना एसटीत मी स्वतःला समजावलं की चूक कुणाचीही होते. तरी चैन पडेना. दोन दिवसांनी संपतच्या घरी गेलो. तो अंगणात पाठमोरा बसून कुऱ्हाडीला धार लावत होता. मी दारातून हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. त्याची बायको गोदाबाई आतून आल्या आणि हळूच म्हणाल्या, “समोरून या मिस्त्री. मांगून हाक देल्ली तं ऐकू नाई येत त्याईले आताशा.”

“कधीपासून, वहिनी?”

“वर्स झालं. तुमाले मालूम नाई? दिवसभर तं संगं असता.” मग त्या आणखी खालच्या आवाजात बोलल्या, “कानात रातकिडे करून राह्यले म्हन्ते. तुमाले सांगू नको म्हनलं हाये. कामावरून काढान तुमी, असं वाटते त्याईले. म्या सांगितलं म्हनू नका.”

मी नाही सांगणार म्हणालो. मग मला एकेक आठवू लागलं. बोलताना तो नेहमी तोंडासमोर येऊन उभा राहायचा. झाडावर असताना खालून ओरडलेलं त्याला कळत नसे, तो वाकून माझे हात बघायचा. मला वाटायचं, वयाने सावध झाला आहे.

पण एक कोडं होतं. ऐकू येत नाही तर पोकळ झाडाला चांगलं म्हणून चूक व्हायला हवी. हा चांगल्याला पोकळ का म्हणतो? दुसऱ्या दिवशी मी शेडमागच्या बाभळीपाशी गेलो. अंगठ्याएवढे कापसाचे बोळे दोन्ही कानांत घट्ट बसवले आणि तुंबा मारला. ती बाभूळ लोखंडासारखी आहे. पण आवाज आला तो बद्द. कापसाने ठोक्याचा खणखणीतपणाच काढून घेतला होता, खालचा जाडा आवाज तेवढा उरला होता. चारदा मारून पाहिलं. संपतला आता जगातली सगळी झाडं पोकळ ऐकू येत होती.

त्याचा कान वयाने गेला नव्हता. रोज चार-सहा तास कानापासून दोन हातांवर उघडं धुराडं बडबडत होतं, तेही त्याने माझ्यासाठी कान उघडे ठेवले म्हणून. हे मला बाभळीपाशी उभं असतानाच कळलं. तसाच टिनवाल्याकडे गेलो आणि जाड पत्र्याचा सायलेन्सर करून घेतला. मशीनचा जोर उतरला. संपत लाकडातली चाल पाहून म्हणाला, “मशीन सुस्त काहून झाली?” मी म्हटलं, म्हातारी झाली.

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी गोदाबाईंना दिलेला शब्द पुढे केला. संपतचं मन मोडेल, त्याचं काम जाईल, असंही स्वतःला सांगत राहिलो. त्यात खोटं काही नव्हतं, पण ते पुरतं खरंही नव्हतं. गिऱ्हाइकं त्याच्या नावावर येत होती. त्याचा कान गेला हे बाहेर पडलं असतं तर माझ्या पाटीला काय अर्थ राहिला असता? आणि झाड पोकळ ठरलं की मशीनला काम मिळत होतं. तो ठोके द्यायचा, मी मान डोलवायचो. अकोटच्या एका शाळेतला निंब गेला. बडनेऱ्याचा शिरस गेला. दोन्ही खोडं आतून स्वच्छ होती. दोन्हींवर मी चटकन माती ओढली.

मग त्याच्या गावाहून निरोप आला. त्याच्या वस्तीतल्या लोकांनी वर्षभर मजुरी करून, विटा स्वतः वाहून, टिनाचं छप्पर घालून एक छोटं विहार बांधलं होतं. त्याला लागूनच जुना पिंपळ होता, विहाराकडे झुकलेला. वैशाखातल्या वादळात त्याची एक फांदी छपराच्या कडेवर पडली. झाड ठेवावं की काढावं, ते संपतने येऊन सांगावं, असा निरोप होता.

मशीन तेल्हाऱ्यापर्यंत ट्रकवर आणि पुढे बैलगाडीत नेलं. सगळी वस्ती झाडाखाली जमली होती. संपतचे मामा, किसनमामा, वस्तीतले सगळ्यात वडीलधारे. ते मला म्हणाले, “मिस्त्री, गावच्या पाराच्या पिपयाखाली आमाले बसू देत नोते. हा आमचा. ह्याच्याखालीच आमची पयली सभा झाली. पोट्टे सांजीले इथं शिकाले बसतात, म्हनून भेव वाटते. नाई तं आमी कायले इचारलं असतं? आता संपत म्हनन तसं.”

संपतने फेरा सुरू केला. कमरेला, गुडघ्याला, मुळाशी. मी दोन पावलांवर उभा होतो आणि माझे कान शाबूत होते. ठोके खणखणीत येत होते. एका ठिकाणी, जुन्या फांदीच्या जखमेपाशी, थोडा बद्दपणा होता, तेवढाच. तो पुन्हा फिरला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. त्याला हे झाड काढायचं नव्हतं हे सगळ्यांना दिसत होतं. तो आणखी एकदा फिरला आणि मग कुऱ्हाड टेकून खाली बसला.

“पोकय हाये मामा. बुडापासून.”

एका म्हातारीने डोक्यावरची घागर खाली उतरवून ठेवली. किसनमामांनी झाडाकडे वर शेंड्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाले, “तुया शब्द हाये. काढा मंग.”

संपत मशीनकडे गेला. माझ्यासमोर दोनच रस्ते होते. सगळ्या वस्तीसमोर, त्याच्या मामासमोर त्याला बहिरा ठरवायचं, किंवा पिंपळ पाडायचा. मी तिसराच काढला. मशीनवर वाकलो आणि प्लगची वायर सैल केली. मग दोरी ओढली. पाच वेळा, सहा वेळा. मशीन गप्प.

“बिघडलं,” मी म्हटलं. माझं मशीन लोकांसमोर कधी बिघडलं नव्हतं. संपतने मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी घाईघाईने म्हटलं, “दुरुस्त होईपर्यंत गिरमिट मारून बघू. पोकळ कुठवर आहे ते कळलं की कापायचं कुठून ते ठरवता येईल.”

गिरमिट म्हणजे हाताने फिरवायचं भोक पाडण्याचं हत्यार. आम्ही ते लोखंडी पट्ट्यांच्या खिळ्यांसाठी जवळ ठेवत असू. मी ते बुंध्याला लावलं आणि फिरवू लागलो. पांढरा, ओलसर कीस बाहेर येऊ लागला, त्याला चीक होता. वीतभर आत गेलो तरी तसाच. दुसऱ्या बाजूने लावलं, तसाच. लोक कीस बघत होते, पण त्याचा अर्थ त्यांना कळत नव्हता. संपतला कळत होता. त्याने माझ्या तळहातावरचा कीस उचलला, वास घेतला, दोन बोटांत चुरडला. मग गिरमिट माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः मुळाशी गुडघे टेकून फिरवू लागला. तिथेही पांढरा. फक्त जुन्या जखमेपाशी मूठभर तपकिरी भुसा निघाला.

तो उभा राहिला. बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात, कुणाकडेही न बघता म्हणाला, “झाड चांगलं हाये. मले ऐकू नाई येत. काढू नका.”

किसनमामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पण तो मशीनपाशी गेला. वाकून प्लगची सैल वायर त्याने अंगठ्याने दाबून जागच्या जागी बसवली. मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला, माझे ओठ दिसतील असा.

“कवापासून मालूम होतं तुमाले?”

खोटं बोलायची सोय नव्हती. “चिंचेपासून,” मी म्हटलं.

“चिंच चांगली होती?”

मी मान हलवली.

“अन् अकोटचा निंब?”

मी पुन्हा मान हलवली.

“बडनेऱ्याचा शिरस? त्याच्यावरची बगळ्याची पिल्लं म्या टोपल्यात घालून उतरवली होती.”

मी मान हलवली. तो आवाज चढवून बोलत होता म्हणून सगळ्यांना ऐकू जात होतं. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटत होतं. किसनमामा म्हणाले, “पिपय तं राह्यला ना बाबू.” त्यांनी ते संपतच्या तोंडासमोर जाऊन म्हटलं, म्हणजे त्यांना एका मिनिटात जे सुचलं ते मला वर्षभर सुचलं नव्हतं.

“हो मामा, हा राह्यला,” संपत म्हणाला.

मशीन आम्ही गाडीतून उतरवलं तसंच राहू दिलं. हातकरवतीने छपरावरची जड फांदी संपतनेच वर चढून हलकी केली. मी खालून दोर धरला आणि त्याच्याकडे बघून हातांनी खुणा केल्या. जखम खरवडून डांबर लावलं, गिरमिटाची भोकं मेणाने बुजवली, झुकत्या बाजूला सागाचा टेकू दिला. बायकांनी गुळाचा चहा केला. संपतने माझा कप मला आणून दिला आणि स्वतःचा घेऊन मामाजवळ जाऊन बसला.

त्यानंतरही तो नऊ वर्षं माझ्याकडे होता. झाडावर पूर्वीसारखाच चढत होता. प्रत्येक झाडाला आधी गिरमिट लावायचा आणि कीस स्वतः पाहायचा, माझ्या शब्दावर त्याने पुन्हा एकही झाड ठरवलं नाही. त्या दिवसाचा विषय त्याने कधी काढला नाही. ओरडला असता, चार शिव्या घातल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं. मीही काढला नाही.

एकदाच प्रयत्न केला होता, त्याच दिवशी. गाडी भरत होतो. सगळे विहारात गेले होते, आतून वंदनेचा आवाज येत होता. संपत माझ्याकडे पाठ करून दोर गोळा करत होता. मी त्याच्या पाठीशी उभा राहून म्हटलं, “संपत, माझं चुकलं. तुझा कान मी घालवला. झाडंही मी घालवली. मला माफ कर.” इतकं सगळं म्हटलं, नीट शब्द लावून.

तो तसाच दोराचे वेढे घालत होता. मग कशाला तरी वळला तर मी समोर. माझं तोंड हललेलं त्याला दिसलं असावं.

“काई म्हनले का, मिस्त्री?”

तो समोर उभा होता. माझ्या ओठांकडे बघत होता.

“काही नाही,” मी म्हटलं. “दोर लवकर गुंडाळ, एसटी चुकेल.”